सोनीचा आवाज आणि माझी हनुवटी

नाशिकहून सुटलेली एस.टी. सापुताऱ्याचा घाट चढू लागली तेव्हा शेजारच्या काकांनी चौकशी केली, "सुरतेला काय, साड्या घ्यायला?"

"नाही हो. लहान मुलं एकमेकांशी कशी बोलतात, कशी वागतात, ते बघायला."

काकांनी मांडीवरचा नातू उचलला आणि खिडकीकडच्या बाजूला सरकवला. सुरत येईपर्यंत तो मला पुन्हा दिसला नाही. माझ्या संशोधनाचा शुभारंभ हा असा झाला.

सुरतेत पाऊल ठेवल्या ठेवल्या पर्वत पाटियाच्या चौकात लोचो (बेसनाचा वाफवलेला मऊ पदार्थ, वर तेल, शेव आणि कांदा) खाल्ला. सगळा माझ्याच पोटात गेला असं म्हणवत नाही, थोडा शर्टानंही खाल्ला. तोच शर्ट मिरवत डिंडोलीला, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीत पोचलो. तिथं पाट्या गुजराती, शिव्या हिंदी आणि नळावरची भांडणं थेट खानदेशी! कुठल्याही भाषेत भांडण झालं तरी ते मला समजत होतं, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मराठी शाळेच्या मोठ्या बाई नागपूरकडच्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाठोपाठ एक अडचणही दिली.

"सोनी नावाची पोरगी आहे जी. महिना झाला वर्गात बसते, पण तोंडातून शब्द नाही. नुसते हात हलवते. मुक्यांच्या शाळेत पाठवा म्हणते मी, तर तिची आई रडते. तुम्ही पुण्याचे, शिकलेले. तुम्ही म्हणाल तसं करू."

ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई दिवसभर लूमच्या (यंत्रमागाच्या) कारखान्यात कांड्या (धाग्याची लहान रिळं) भरणार, मग पोरीला नेणार कोण? म्हणजे मी मान हलवली की सोनीची शाळा संपणार होती. माझ्या मानेला इतकं वजन याआधी कधीच आलं नव्हतं, त्यामुळे ती थोडी ताठ झाली.

मी सोनीपुढे चित्रं मांडली. मांजर, आंबा, छत्री. मधाळ आवाजात विचारलं, "बाळा, हे काय?" तिनं मांजराकडे पाहिलं, माझ्या शर्टावरच्या शेवेकडे पाहिलं, आणि बोटांनी हवेत काहीतरी केलं. शब्द नाही.

दारात उभी असलेली आई म्हणाली, "नई भाऊ, बोलस ती! घरमा बोलस, कारखानामा तर लई बोलस." (नाही भाऊ, ती बोलते! घरी बोलते, कारखान्यात तर फार बोलते.)

मी समजूतदारपणे हसलो. सगळ्या आया असंच म्हणतात, हे मी वाचलेलं होतं. पण जेवणाला वेळ होता, म्हणून म्हटलं, चला, कारखानाही बघू. मोठ्या बाईही आल्या.

लूमच्या आवाजाचं वर्णन करता येत नाही, कारण तिथं असताना माणसाला स्वतःचे विचारही ऐकू येत नाहीत. मी ऐटीत टेपरेकॉर्डर चालू केला. (पुण्यात ती कॅसेट लावली तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर आले, "गिरणी टाकली काय?" म्हणून.) सोनी आईजवळ बसून भराभर हात हलवत होती, आणि चार लूम पलीकडचा कारागीर तिला हातांनीच उत्तरं देत हसत होता. मी विद्वानांच्या सवयीनं हनुवटीवर अंगठा टेकवून विचारात पडलो.

चहा आला. प्यायलो. पुन्हा विचारात पडलो. पुन्हा चहा आला! हनुवटीवर अंगठा म्हणजे तिथं 'चहा पाठव', हे मला तिसऱ्या कपानंतर कळलं. आमचा मूळचा स्वभाव चिंतनशील, त्यात हा उकाडा. मला दरदरून घाम फुटला. मी रुमाल काढला आणि गळ्यावरून आडवा फिरवला.

समोरच्या कारागिरानं लूम बंद केला. त्यानं गळ्यावरून हात फिरवून पुढच्याला 'बंद कर' सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. टेपरेकॉर्डरला वीज मोजायचं यंत्र समजून त्यांनी मला वीज कंपनीचा साहेब ठरवलं होतं! बघता बघता सगळा कारखाना थंड झाला.

आणि त्या शांततेत एक खणखणीत आवाज अर्ध्या वाक्यातून बाहेर पडला:

"...येडाच शे माय! त्याले आखो चहा नको देजो, मुतामुती व्हई जाई!" (वेडाच आहे गं माय! त्याला आणखी चहा देऊ नको, मुतामुती होऊन जाईल!)

सोनी. हात हवेत तसेच, तोंड उघडं. ती मघापासून हातांनी कारागिराशी आणि तोंडानं शेजारच्या आईशी बोलतच होती, पण लूमपुढे ते ऐकणार कोण? परक्या माणसाशी हातांनीच बोलायचं असतं, हे ती तिथंच शिकली होती. वर्गातल्या बाई परक्या आणि मीही परका, म्हणून आमच्या वाट्याला नुसते हात.

आईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, हे काही कळलं नाही. मोठ्या बाई मात्र उघड हसल्या. "येडा कोण, ते समजलं जी मले!"

कारखान्याचा गुजराती शेठ धावत आला. "शुं थयुं साहेब? लाइट गई?" (काय झालं साहेब? वीज गेली?)

"नाही, घाम आला," मी म्हणालो. त्यावर शेठनं माझ्याकडे जसं पाहिलं, त्याला मात्र हातांची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी शाळेत डोकावलो. मोठ्या बाईंनी सोनीला जवळ घेतलं, दोन्ही हात हलकेच धरले आणि म्हणाल्या, "आता तोंडानं सांग, नाव काय तुझं?"

"सोनी!!!" लूमवर मात करणारा तो आवाज. छपरावरची कबुतरं उडाली, शेजारचा वर्ग खिडकीत आला. बाईंनी तिचं नाव पटावर कायम केलं आणि माझ्याकडे वळल्या. "आता हिले हळू बोलवायचा उपाय सांगूनच जा जी."

मी नमस्कार करून बस पकडली.

पुण्यात मार्गदर्शकांनी विचारलं, "मग? निष्कर्ष काय?"

मूल बोलत नाही असं म्हणण्याआधी आपण कुठे उभं राहून ऐकतो आहोत ते बघावं, असं काहीतरी सांगायचं मनात होतं. योग्य शब्द जुळवायला हनुवटीवर अंगठा टेकवून विचार करत बसलो.

चहा काही आला नाही.