अकरा घरांचं आगळ

रातांबे फोडताना बोटांना आंबट वास चिकटला की मला आमचा पहिला पराक्रम आठवतो. शेजारणीबरोबर भागीदारीत सरबताचा धंदा काढायचा होता, म्हणून देवळाच्या वर्धापनदिनाला सगळ्या गावाला कोकम सरबत फुकट पाजायचं आम्ही हौसेने कबूल केलं, आणि रातांब्यांचा खारवलेला रस, म्हणजे होतं नव्हतं तेवढं आगळ, कल्हई उडालेल्या पितळी हंड्यात भरून ठेवलं. वर्धापनदिनाच्या सकाळी बघतो तर सगळं कळकलेलं! मी पायरीवर बसून रडत होते, तेवढ्यात समोरची काकी चिनीमातीची बरणी घेऊन आली. "रडतंस कित्याक गो? माझ्या घरातला आगळ घे." बघता बघता अकरा घरांतून वर्षाच्या बेगमीतलं आगळ आलं. कुणाचं खारट, कुणाचं दाट, सगळं एकत्र ओतलं. दुपारी मुंबईहून आलेली माणसं तिसरा पेला पुढे करत विचारू लागली, "हे आगळ कुणाचं?" माझी भागीदार ठसक्यात म्हणाली, "गावाचा!" संध्याकाळपर्यंत पन्नास बाटल्यांची मागणी आली. पुढे आम्ही दोघींनीच करून पाहिलं, पण ती चव काही येईना. म्हणून आजही आमचं आगळ त्याच अकरा घरांत मुरतं, वर्धापनदिनाला सरबत फुकटच असतं, आणि तो पितळी हंडा दुकानाच्या दारात झेंडूची फुलं घालून मिरवतो.