धुळवडीच्या दिवसाचं ऊन

सदाभाऊ गेल्याचं मला नांदुऱ्याच्या स्टँडवर कळलं. बुलढाण्याहून आलेल्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. तो पायरीवरूनच म्हणाला, "तुमचे हवामानवाले साहेब गेले नं परवा. तुमाले मालूम नाही काय?" मला माहीत नव्हतं. चार दिवसांनी शोकसभेला गेलो. तिथे एका वक्त्यानं गळा काढून सांगितलं, की सदाशिवरावांनी उभ्या आयुष्यात एक नोंद खोटी केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. महिना होत आला त्याला, अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली असतील. बुलढाण्याच्या वेधशाळेत आम्ही दोघंच. सदाभाऊ मुख्य निरीक्षक आणि मी त्यांच्या हाताखाली, कच्च्या नोकरीवर. आवारात तापमापकांची पांढरी जाळीदार पेटी, पर्जन्यमापक आणि चौथऱ्यावर एक भरीव काचेचा गोळा. गोळ्याच्या मागे पुठ्ठ्याची पट्टी बसवायची. ऊन असेल तोवर ती रेषेत जळत जाते, ढग आला की जळणं थांबतं. सूर्य बुडाला की जळकी पट्टी काढून त्या दिवसाची तारीख घालायची आणि दुसऱ्या दिवसासाठी कोरी बसवायची. एवढंच काम. पण सदाभाऊ ते असं करत, की बघणाऱ्याला वाटावं देवाची आरती चालली आहे. "मधू, आभायाले विचारून लिही," म्हणत. "आपल्या मनानं लिहू नको."

आम्हा दोघांत एक सोय होती. सणावाराला ते मोताळ्याकडच्या आपल्या गावी जात. मग मी नोंद करायची आणि खाली त्यांच्या नावाची सही ठोकायची. रजा वाचे. तेवढ्यापुरती आभाळाला विचारायची गरज आम्हाला वाटत नसे.

त्या वर्षी धुळवडीला ते गावी गेले. मी सकाळपासून रंगात, दुपारी भांगेत. संध्याकाळी वेधशाळेकडे फिरकलो नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य बुडताना गेलो तर गोळ्यामागे कालचीच पट्टी. त्या दुसऱ्या दिवशी दिवसभर कडक ऊन होतं, आणि वसंतात सूर्य आज-उद्या जवळजवळ एकाच वाटेनं जातो. कालच्या रेषेत जिथे खंड असेल तिथेही आजच्या उन्हानं पट्टी जळून गेलेली. एक पट्टी, दोन दिवस. मी तिच्यावर धुळवडीची तारीख घातली, नोंदवहीत 'आकाश निरभ्र' लिहिलं, सदाभाऊंची सही केली. दुसऱ्या दिवसाची पट्टी फाटली म्हणून लिहून टाकलं. झालं.

सदाभाऊ परतले, पट्टी हातात घेऊन बघत राहिले. "मधू, धुयवडीच्या सांजेले तू इथं आलता काय बे?"

"नाही."

"आमच्या गावात तर दुपारपासून आभाय कायंकुट्ट होतं. बायायनं चार वाजता कंदील लावले." बस्स, एवढंच बोलले. कान उपटला असता तर किती बरं झालं असतं!

कारण त्याच गावात, त्याच संध्याकाळी, नदीकाठी एकाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली होती. पकडला किसन नावाचा मजूर. त्याच्याविरुद्ध एकच साक्षीदार. तो म्हणे, पलीकडच्या काठावरून स्वच्छ उन्हात मी याचं तोंड पाहिलं. किसनचा वकील म्हणे, ऊन होतंच कुठे? कोर्टानं वेधशाळेचं दप्तर मागवलं.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. सदाभाऊ पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, "ही पट्टी दोन दिवसांची आहे. चूक माझी आहे." सरकारी वकिलानं नोंदवही पुढे केली. ही सही कोणाची? माझी. म्हणजे तुम्ही हजर होता? होतो. तेव्हा 'निरभ्र' लिहिलंत, आज ढग होते म्हणता, मग खोटं कधी बोललात? सदाभाऊंनी मान खाली घातली...

ते काळं आभाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस तिथे उभा होता आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. मी गावी होतो म्हणाले असते, तर सही कोणी केली हे निघालं असतं. किसनला सात वर्षं झाली. सदाभाऊंची बढती कायमची गेली. माझी नोकरी पक्की झाली.

बाहेर आल्यावर मी रडायला लागलो, तर मलाच म्हणाले, "तुह्या बायकोले दिवस गेले हायेत. नोकरी गेली तं कुठं जाशीन?"

भाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो? किसनला बायको नव्हती? म्हातारी आई नव्हती? ओळखीच्या पोरासाठी अनोळखी माणूस तुम्ही तुरुंगात घातलात आणि लोक त्याला चांगुलपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. आणि मी? मला तर पाय होते, तोंड होतं. बाकावरून उठायला असा किती वेळ लागतो?

शोकसभेहून मी परस्पर किसनच्या गावी गेलो. तो दारात दोरी वळत होता. सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"साहेब दर धुयवडीले येत होते," तो म्हणाला. "माह्या पाया पडत. मी म्हणो, तुमी काऊन पडता? ते काई बोलत नसत." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी ते हयात असताना काऊन नाही आले?"

त्यानं दोरीला आणखी एक पीळ दिला.

"त्या वहीत अजून तसंच लिव्हेल हाये काय? ऊन होतं म्हणून?"

"हो."

"मंग ते खोडा. माही माय मरेपर्यंत सांगत होती लोकायले, का त्या दिवशी तिनं कंदील लावला होता. कोनी आयकलं नाही तिचं."

मी वेधशाळेत गेलो. तिथल्या नव्या साहेबांनी चहा पाजला आणि जुन्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही म्हणून सांगितलं. नियम बरोबर आहे. तो नियम मला सदाभाऊंनीच शिकवला होता. म्हणून इथे लिहितो, माझ्या नावानं, माझ्या सहीनं: धुळवडीच्या त्या दिवशी दुपारनंतर ऊन नव्हतं. किसनच्या आईनं चार वाजता कंदील लावला होता.