देवघराच्या भिंतीवरची फळी
रॉकेलचा वास आला की मला माधवगंजातली आमची ती बोळासारखी अरुंद खोली आठवते. संस्थानच्या दरबारातली नोकरी सुटल्यावर वडिलांनी घड्याळं दुरुस्त करायचं ठरवलं आणि टेबलाला जागा नव्हती म्हणून भिंतीला बिजागऱ्यांवर दुमडणारी फळी लावायला घेतली. त्या भिंतीपलीकडे थोरल्या काकांचं देवघर होतं. सख्ख्या भावानं हातात हत्यार धरावं याचीच त्यांना लाज, त्यात हे हातोड्याचे दणके. ऐन पूजेतून उठून ते सोवळ्यातच आमच्याकडे घुसले आणि थेट आतल्या कोपऱ्यात उभे राहून ओरडले, "माझे देव पडले! बंद कर ही लोहारकी!" सोवळ्यात कुणाला शिवता येत नव्हतं, नाहीतर त्यांनी हातोडा हिसकावलाच असता. वडिलांनी शेवटचा स्क्रू पिळला, फळी साखळ्यांवर आडवी केली आणि तिच्यावर एक घड्याळ खोलून रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला घेतलं. फळीनं आणि तिच्या टोकाशी उभ्या वडिलांनी खोली पार अडली, दार तिच्या अलीकडे आणि काका पलीकडे. "उचल ती, मला जायचंय." "दादा, घड्याळ खोललंय, आता फळी हलवता येत नाही. मला शिवून जा की." पलीकडे नैवेद्य निवत होता. आई पदराआड हसली, मी उघड हसले. शेवटी काका रेशमी सोवळं आवरत गुडघ्यांवर आले आणि फळीखालून रांगत गेले, पाठ फळीला घासलीच. मग भर थंडीत त्यांनी पुन्हा डोक्यावरून घेतलेल्या पाण्याचा आवाज आम्ही भिंतीला कान लावून ऐकला. ती फळी आता माझ्या घरी आहे. काकांची मुलं अजून भेटायला येतात. ती आत जाऊन बसली की मी फळी आडवी करते.