चाकातलं करडीचं तेल

त्या सकाळी कापसाच्या जिनिंग गिरणीच्या गेटवर कोण कोण व्हतं ते आधी सांगते. साहेबराव मुकादम व्हता, माझ्यासंगं कापूस निवडणाऱ्या कौसाबाई अन पार्बती व्हत्या, मी गयाबाई व्हते, अन मागून सायकलवाला मिस्तरी आल्ता. चौघायची नावं घेतली, मिस्तरीचं घेत न्हाई. जे नाव मी खराब केलं, ते घ्यायला जीभ उचलत न्हाई.

वडीगोद्रीच्या अलीकडं फाट्यावर, लिंबाखाली त्याचं दुकान. दुकान म्हंजे एक पेटी, एक हवेचा पंप अन पाण्याचं घमेलं. सायकल नेली की तो मागचं चाक एका हातानं उचलायचा, दुसऱ्या हातानं पायंडल फिरवायचा अन डोळे झाकून कान लावायचा. आपण सांगाय लागलो की म्हणायचा, "थांबा बाई, तिला बोलू द्या."

तुमी बी असे मिस्तरी पाह्यले असतील. पण ह्यो खरंच ऐकायचा. एकदा मला म्हणला, उजव्या पायंडलाची पिन झिजली, तुमी त्याच पायावर सारा जोर देता. डावा गुडघा दुखतो का? दुखत व्हता. मी घरात बी कुणाला सांगितलं नव्हतं.

सायकल आमच्या मालकाची. त्यायची कंबर गेली तव्हापासून ते बाजेवर अन सायकल भिंतीला. मंग चाळिशीत मीच शिकले, लुगड्याचा काष्टा आवळून. मधी दांडी, पाय काही जमिनीला टेकायचे न्हाईत. उतरायचं म्हंजे दगड पाहून उतरायचं. पोरं हसायची, म्हातारे तोंड फिरवायचे. चेन दिवसाआड पडायची. ब्रेक नावालाच, चपलीचा तळवा टायरला घासून थांबवायची. बाभळीचा काटा निघाला की मिस्तरी तो माझ्या हातावर ठेवायचा. "घ्या, तुमचा पाव्हणा."

त्याची एक रीतच व्हती. चाकातून जे जुनं निघंल ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, बेरिंगचा फुटका छर्रा का असंना. म्हणायचा, आपलं आपल्यापाशी ठेवा, उद्या कुणी बोलायला नको. म्हणून लोक त्याच्यापाशी सायकल टाकून बिनघोर बाजाराला जायचे.

त्या साली त्यानं मला नवं फ्रीवील बसवून देल्तं. फ्रीवील म्हंजे मागच्या चाकाचं दात्यायचं चक्कर, चेन त्याच्यावर बसती. जुनं माझ्या हातात देलं, मी ते कोनाड्यात ठेवलं. म्हणला, आठ दिवसानं आणा, वंगण देतो. मी गेले न्हाई. चाक किरकिर कराय लागलं. मला वाटलं तेल ते तेल. चुलीपाशी करडीच्या तेलाची बाटली व्हती, त्यातलं चांगलं चमचाभर ओतलं. दोन दिवस चाक मऊ चाललं. मी बी खूश. पण करडीचं तेल वाळलं की गोंदासारखं व्हतं, अन त्यात जिनिंगमधल्या कापसाचा बारीक कचरा.

तिसऱ्या सकाळी फाट्याच्या अलीकडं पायंडल खालीच फिराय लागलं. पाय फिरून राह्यले, सायकल जागची हालंना. हातानं ढकलत निघाले. मिस्तरी पेटी उघडत व्हता, त्यानं हाक मारली. मी थांबले न्हाई, गेट बंद व्हईल म्हणून पळत सुटले. कॅरेजवरचं भाकरीचं फडकं कुठं पडलं ते बी मला कळलं न्हाई.

गेट लागल्यालं. मुकादम म्हणला, "गयाबाई, ह्या महिन्यात ही तिसरी बारी. उद्यापासून मी दुसरी बाई पाहतो."

घरी बाजेवरचा माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्तरीनं केलं. नवं म्हणून जुनंच फ्रीवील बसवलं. काढलेलं बी हातात देलं न्हाई."

कौसाबाई म्हणली, "त्यानं? अगं बाई."

तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी खोकललं. मिस्तरी व्हता. रस्त्यात पडलेली माझी भाकर घेऊन आल्ता. मुकादमानं त्याला तिथंच धरलं, बाई काय म्हणून राह्यली ऐकलं का? मिस्तरी खाली बसला. चाक फिरवलं. फ्रीवीलवर बोट घासलं अन नाकाला लावलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. मी गेटच्या सळया पाहत उभी.

"चूक माझी हाय, साहेबराव," तो म्हणला. "बाईला घ्या आत. संध्याकाळपर्यंत नीट करून देतो."

मला आत घेतलं. दुपारी मी तीच भाकर खाल्ली.

संध्याकाळी सायकल बराबर चालली. घरी आले अन कोनाड्यातलं जुनं फ्रीवील त्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून. त्याच्या बदल्यात त्यानं ओंजळभर फुटाणे देल्ते. ते कोंबड्यायला टाकले.

गेटवरचं बोलणं बाजारभर झालं. तिथून पुढं लोक त्याच्यापाशी सायकल टाकून जाईनात. समोर उकिडवं बसून त्याचे हात पाहायचे. त्यानं कुणाला राग दावला न्हाई. उलट पेटी बाजूला सारायचा अन म्हणायचा, "जवळ बसा, नीट दिसंल." मंग तेवढे बी यायचे कमी झाले.

एकदा मी हिंमत करून इचारलं, "भाऊ, तव्हा तुमी का अंगावर घेतलं?"

तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत व्हता. "तुमचं काम गेलं असतं. माझं काय, चाकं रोज येतात." मंग हसला. "करडी भाकरीसंगं लई चांगली लागती, बाई."

मुकादमाला खरं उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी त्या जिनिंगमधी अजून अकरा हंगाम काढले. सांगितलं न्हाई.

मंग एका बाजाराला लिंबाखाली पेटी नव्हती. चहावाला म्हणला, लेकीकडं गेला, कुंभार पिंपळगावला. पुढं दोन वर्षानं तो वारल्याचं कळलं. मी लेकीला भेटायला गेले. तिनं चहा ठेवला. बोलता बोलता म्हणली, "मावशी, अण्णानं कुणाचा एक छर्रा ठेवला न्हाई हो. मंग लोक तसं का म्हणायचे?"

मी चहा पिले अन उठून आले.

आता माझे डोळे गेले, हे नातसून लिहून घेऊन राह्यली. तिला म्हणलं, एक अक्षर गाळू नको. तुमी त्या भागातले असाल, मिस्तरीची लेक तुमच्या वळखीची असंल, तर एवढं करा. तिच्यापाशी बसा अन हे तिला वाचून दाखवा.