अकरा नंबरचा डबा

इस्पितळाच्या स्टोअरमध्ये त्यांना सगळे टॅगकाका म्हणत. सात वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि खरं सांगते, सुरुवातीला डोकंच उठायचं माझं. आलेल्या प्रत्येक वस्तूला टॅग. हिरवा म्हणजे खुशाल वापरा, पिवळा म्हणजे तपासणीचा निकाल येईपर्यंत हात लावू नका, लाल म्हणजे बाद. हा माणूस घरच्या बिस्किटांच्या डब्यालाही टॅग बांधायचा. छातीत पेसमेकर बसवून काकू घरी आल्या, तेव्हा त्यांच्या बाहीला हिरवा टॅग अडकवला. काकू म्हणाल्या, "चला, एकदाची पास झाले!"

तो पेसमेकर काकांनीच निवडला होता. सतरा नंबर. डब्यावरचे नंबराचे दोन्ही स्टिकर ते आधीच काढून ठेवत, एक रजिस्टरमध्ये, एक पेशंटच्या कार्डावर. मग डबा ऑपरेशनला जाई. तिथे नंबर जुळवून बघायचा असतो. पण काकांनी दिलंय म्हटल्यावर कोण कशाला बघतंय!

हल्ली काकू काहीबाही सांगायच्या. छातीत कुणीतरी मध्येच श्वास धरून बसतं. दारात कुणी उभं असल्यासारखं वाटतं. काका रजिस्टर उघडून सतरा नंबरपुढचा हिरवा शिक्का मला दाखवायचे आणि म्हणायचे, "माल चोख आहे. मनाचे खेळ, दुसरं काय!"

परवा दुपारी कंपनीचं पत्र आलं. नऊ, दहा आणि अकरा नंबरची बॅटरी अचानक बंद पडू शकते, परत पाठवा. तिन्ही डबे पिवळा टॅग लावून फळीवर होतेच. काका काढायला गेले आणि तिथेच खिळले. तिसऱ्या डब्यावर स्टिकर नव्हते. सील तसंच होतं. तळाशी नंबर छापलेला होता, सतरा.

"तिच्या ऑपरेशनच्या सकाळी नऊ, दहा, अकरा नुकतेच आले होते," काका पुटपुटले. "टेबलावर सतराच्या शेजारीच होते. टॅग बांधायचे राहिले होते. हाताला लागला तो डबा पाठवला गं..."

म्हणजे अकरा नंबर काकूंच्या छातीत होता.

मी धावत जाऊन रुग्णवाहिका पाठवायला सांगितली. परत आले तर काकांनी घरी फोन लावून स्पीकरवर टाकला होता. पहिल्याच घंटीला काकूंनी उचलला.

"अगं, बरी आहेस ना?"

"बरी आहे की," काकू हसल्या. आवाज लांबून आल्यासारखा होता. "पण हे काय हो? दारात उभं राहून फोन कसला करताय?"

"मी स्टोअरमध्ये आहे."

"चेष्टा पुरे. जाळीतून दिसताय मला. हातात पिवळा टॅगसुद्धा आहे."

काका किंचाळले, "दार उघडू नकोस! ऐकतेस ना? मी येतोय, तोपर्यंत दार उघडू नकोस!"

"अहो, उघडलं की आत्ताच," काकू म्हणाल्या.

काका हाका मारत राहिले. फोन कट झाला नव्हता. पलीकडे फक्त भिंतीवरचं घड्याळ चालताना ऐकू येत होतं.