खोकला एसटीनं, खबर पायी

त्या संध्याकाळी सात वाजले आणि माझा फोन वाजला नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले... मी बायकोला म्हटलं, "आज लीलाआत्यानं सुटी दिली वाटते!" आणि खुशीत पाय पसरून बसलो. एवढा मी शहाणा. पावणेआठला सिंदेवाहीहून आत्याच्या शेजारणीचा फोन आला. दुपारी जेवून लवंडलेली आत्या उठलीच नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या उशाशी तो बटणांचा फोन होता आणि त्यावर पाच मिस्ड कॉल. पाचही तिच्या खबऱ्यांचे.

खबरे हा तिचाच शब्द. लीलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उभी नोकरी गडचिरोलीच्या जंगलातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून केली. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, आत्या खोकल्याच्या मागे लागली. कपाटाच्या दाराला आतून तिनं गडचिरोली आणि आमचा, अशा दोन्ही जिल्ह्यांचा हातानं काढलेला नकाशा चिकटवला होता. खाली सिरोंचा, वर ब्रह्मपुरी, मध्ये निळ्या पेनानं एसटीचे रस्ते. रोज संध्याकाळी सहाला फोनची फेरी सुरू व्हायची: कंडक्टर नामदेवभाऊ, आश्रमशाळेतली स्वयंपाकीण, तलावावर मासे विकणारी एक बाई, असे सात-आठ जण. "तुमच्याकडे कोण खोकलून राह्यलं?" तापासकट खोकल्याची खबर आली की त्या गावावर टिकली! मोठ्यांना लाल, पोरांना हिरवी. जिनं जन्मात कपाळाला टिकली लावली नाही ती बाई महिन्याला चार पाकिटं नेते म्हणून दुकानदार चक्रावला होता.

मी तिची चेष्टा करायचो. पण खरं सांगू? लाट निघाली की माझ्याही छातीत धडधडायचं. "आली रे आली! परवा आल्लापल्ली, काल आष्टी, आज गोंडपिपरी! आता मूल गावची गाडी धरते पाहजो!" क्रिकेटची शेवटची ओव्हर असावी तसा तिचा आवाज चढायचा, आणि मी, पन्नाशीचा मास्तर, हातात टिकल्यांचं पाकीट धरून नकाशासमोर उभा! मग ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला कळवायची, अंगणवाडीच्या बायांना सांगायची, तान्ह्या लेकरांना गर्दीत नेऊ नका, म्हाताऱ्यांना जपा. तो तरुण डॉक्टर पहिल्या वर्षी हसला. दुसऱ्या वर्षी तोच विचारू लागला, "बाई, कुठपर्यंत पोचली?"

हे वेड कशापायी, असं एकदा विचारलं. तिनं नकाशावरची एक टिकली नखानं दाबली. म्हणाली, "नोकरीच्या पयल्या वर्षी एका गावात लेकराईले धाप लागली. मले आठ दिवसानं समजलं, बाजारात. गेली तं दोन पाळणे रिकामे झालते... खोकला एसटीनं येते बाबू, अन् खबर पायी येते. मले खबरीले खोकल्याच्या आंधी आणाचं हाय."

तिच्या खबऱ्यांत सगळ्यात बिनकामाचा मी. एवढंच असतं तर चाललं असतं, पण गेल्या वर्षी मी चक्क खोटी खबर दिली. माझ्या लेकीला, प्रियाला, आठव्या महिन्यातच मुलगा झाला. उचलला की चिमणी उचलल्यासारखं वाटायचं. दवाखान्यातून तो घरी आला आणि आजोबा हवेत! रविवारी नामकरण ठरवलं, मंडप सांगितला, दोन गावांना आवतण दिलं. गुरुवारी सात वाजता आत्याचा फोन.

"तुह्या शाळेच्या गावात का हालहवाल?"

"खोकला आहे थोडा. पण मिरचीचा आहे, आत्या. तू टिकली लावू नको."

आता आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि महिन्या-दीड महिन्यानं तिखट धुळीनं खोकत परत येतात, हे खरंच. त्या आठवड्यात गाड्या भरून माणसं परतलीही होती. खोटं इतकं पक्कं होतं की माझा मलाच अभिमान वाटला.

"बरं. अन् तुह्या वर्गातले पोट्टे?"

"ते... खोकतात आठ-दहा."

"ते गेलते मिरचीले?"

"नाही. ते आज्यांपाशी राहिले होते."

"मंग मास्तर, त्याइच्या नाकात मिरची कोण टाकली?"

तासाभरात आत्या रिक्षानं आमच्या दारात. मी मंडपाचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं, बोकड सांगितल्याचंही सांगितलं. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "बोकड खाय तू एकटा. या लेकराच्या खोलीत कोणी जाणार नाई." पाहुणे रुसले, व्याही महिनाभर बोलले नाहीत. आणि रविवारी, ज्या वेळी नातवाला मांडीवर घेऊन मी मिरवणार होतो, त्याच वेळी मी शाळेतून आणलेल्या तापानं कण्हत, खोकत, मागच्या खोलीत पडलो होतो. त्याला पहिल्यांदा मांडीवर घेणारा, त्याचा पापा घेणारा मीच असणार होतो.

सलग पंधरा दिवस नवी टिकली लागली नाही तेव्हा आत्याचा फोन आला, "कर आता नाव." सम्यक नाव ठेवलं. आता तो घरभर पळतो आणि माझा चष्मा मोडतो.

परवा, आत्या गेल्यावर तीन आठवड्यांनी, आम्ही आत्याचं कपाट आवरायला गेलो. लुगडी काढली, दार उघडं राहिलं. नकाशा जवळजवळ मोकळा होता. तेवढ्यात चार्जरला लावून ठेवलेला तो फोन वाजला. कंडक्टर नामदेवभाऊ.

"बाई गेल्या, माईत हाय मले," तो चाचरत म्हणाला. "पण आष्टीहून गाडीत लय लोक खोकलत होते... मंग सांगू कोणाले?"

मी टिकल्यांचं पाकीट शोधलं. नेहमीच्याच जागी होतं, खालच्या कप्प्यात. घसा खाकरला आणि विचारलं, "भाऊ, पोट्टे का मोठे?"