सोजर आत्याचा अंबाडीचा वाफा

आदिलाबादच्या भाजीबाजारात कुठलीही बातमी आधी बयनाबाईच्या तोंडून निघते, मग तिला पाय फुटतात. गेल्या हिवाळ्यात निघालेली बातमी अशी होती : "आयकलं काय वं? आपली सोजर अंबाडीच्या जुडीत गांजा बांधून इकते! मी म्हनतोच, तिचा माल एवढ्या लवकर काऊन सरते!"

बसस्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यात हैदराबादची काळ्या काचांची गाडी शिरली. शेजारच्या मावला गावाकडं जाणाऱ्या ऑटोत पोलिसांचं कुत्रंही आलं, आणि ते म्हणे सोजरबाईची एक जुडी हुंगून वाफ्यातच आडवं झालं.

कुत्रं नव्हतं. गाडी नव्हती. पोलीस मात्र आले होते, आणि खोटं कशाला सांगायचं, गांजाही होता. फक्त सोजरबाईनं त्याचं एक पानसुद्धा विकलं नव्हतं.

सोजरबाईचा मावल्याच्या कडेला विहीर असलेला जमिनीचा लहानसा तुकडा आहे. पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, चुका आणि सगळ्यात जास्त अंबाडी. तिची एक रीत आहे. जुड्या बांधायच्या आधी ती प्रत्येक वाफ्यातलं एक पान तोडून चावते. दात आंबले तर माल बाजारात, नाही तर राहू दे अजून. वीज खात्यात कारकून असलेला तिचा धाकटा भाऊ भगवंतराव नेहमी म्हणायचा, "आक्का, तू भाजी इकतं का चरतं?"

त्या सकाळी तिनं विहिरीपलीकडच्या वाफ्यातलं पान चावलं आणि थू करून थुंकली. आंबट नाही, काही नाही. जिभेवर उग्र हिरवा वास चिकटून बसला. वाकून पाहिलं तर अंबाडीच्या दाटीत दुसरीच झाडं उभी. पंजासारखी तीच पानं, तोच दिमाख. रस्त्यावरून पाहणाऱ्याला साऱ्या जन्मात फरक कळला नसता.

कोणी लावली, हे विचारायची गरज नव्हती. त्या वाफ्याला रोज पाणी कोण देत होतं? भगवंतरावाचा भार्गव. हैदराबादचं इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून घरी आलेला, डोळे कायम लाल, कोणाशी धड बोलणं नाही. आणि सोजरबाई बाजारभर सांगत सुटली होती, "माया भाचा शेतीत ध्यान देऊन राह्यला, बाप्पा!"

तिनं फोन करून त्याला बोलावलं. तो आला तेव्हा ती एक झाड मुळासकट हातात धरून बांधावर बसली होती.

"हे काय व्हय?"

"अंबाडी."

"खाऊन दाखव."

भार्गवनं पानाकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, आणि मटकन खाली बसला. "आत्या, मले त्याच्याबिगर झोपच नाही येत. घेतल्यावरबी आताशा नाही येत."

तेवढ्यात त्याच्या मागावर निघालेला भगवंतराव ऑफिसच्या कपड्यांत येऊन धडकला. सगळं कळल्यावर त्याचा आवाज एकदम सरकारी झाला. "आक्का, हे प्रकरण आपल्या अंगावर येईल. मायी नोकरी आहे. उपट, गाडून टाक अन् तोंड शिवून घे."

"झाडं उपटतो रे भगवंता. ह्या झाडाचं काय करतं?" तिनं भार्गवकडं बोट केलं.

सोजरबाईच्या डोळ्यांपुढं कुलदीपची माय होती. कुलदीप भार्गवचाच दोस्त. नेरडीगोंड्याजवळ हायवेवर गांजाच्या थैलीसकट सापडला, तो अजून जेलात होता. त्याची माय तारखेच्या दिवशी कोर्टातून परतताना सोजरबाईपाशी थांबायची, भाजी हातात घेऊन तशीच उभी राहायची. "आतमंदी पोट्टं काय खात असन वं?" त्या पोराला पोलिसांच्या आधी डॉक्टरकडं नेणारं कोणी भेटलं नव्हतं.

झाडं शेणखताच्या खड्ड्यात गेली, वरून शेण पडलं. सोजरबाई हातपाय धुऊन भार्गवला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात गेली. व्यसन सोडवणाऱ्या वॉर्डातली डॉक्टर तरुण तेलुगू बाई होती. तिनं आत्याला हातानंच गप्प केलं आणि पोराला विचारलं, "अपनी मर्ज़ी से आया क्या?"

सोजरबाईच्या ओठांवर 'हो' येऊन बसलं होतं. पण हे उत्तर उसनं चालणार नव्हतं. भार्गवनं फरशीवरची नजर उचलून डॉक्टरकडं पाहिलं. मग म्हणाला, "आया."

त्या डॉक्टरबाईचे उपकार सोजरबाई आजही मानते. "तिनं मले गप केलं म्हून तो बोलला," म्हणते.

दोन दिवसांनी पोलिसांची जीप आली. कोणीतरी खबर दिली होती. एस. आय. साहेबांनी वाफ्यातलं एक झाड उपटून नाकाला लावलं. "अम्मा, ये क्या है?"

"अंबाडी."

"झूट मत बोलो."

"मंग खाके देखो ना, सायेब."

साहेबांनी खाल्लं. एक डोळा आपोआप मिटला, खांदे वर गेले. "अरे, पुंटीकूरा!" अंबाडीचं तेलुगू नाव आपोआप तोंडून निघालं. मागचा शिपाई हसला आणि साहेबांनी पाहिल्यावर खोकला.

जीपकडं वळता वळता साहेबांनी सहज विचारलं, "और कुछ तो नहीं था ना इधर?"

नाही म्हणाली असती तर विषय तिथंच संपत होता. पण दवाखान्याच्या पायरीवर तिनंच भार्गवला बजावलं होतं, डॉक्टरपाशी खोटं बोलू नको लेका. आता आपल्यावर वेळ आली तर तोंड फिरवायचं? तिनं पदर खोचला. "था, सायेब. मेरे भाचे ने लगाया. मैंने उखाड़ा. वो दवाखाने में है. जमीन मेरी है, किसको ले जाना है तो मेरेको ले जाव."

साहेबांनी काठीनं खड्डा उकरला. शेणात कुजू लागलेला पाला वर आला, आणि असा दरवळ की शिपाई चार पावलं मागं सरला. मग साहेबांनी दवाखान्यात फोन लावला, ऐकून घेतलं, आणि फोन खिशात ठेवत म्हणाले, "अम्मा, वहाँ से भागा तो मैं आऊँगा. नहीं भागा, तो नहीं आऊँगा."

म्हणजे सगळं आता भार्गवच्या पायांवर येऊन ठेपलं होतं.

त्याच संध्याकाळी भगवंतरावाच्या घरी पैज लागली. लावली स्वरानं, म्हणजे भार्गवच्या लहान बहिणीनं, म्हणजे हे लिहिणारीनं. भेटेल त्याच्या आवाजात बोलायची तिला खोड. तिचं म्हणणं सरळ होतं : दादानं कराटे सोडलं, जिम सोडलं, कॉलेज सोडलं, हा वॉर्डही सोडणार. सोजरबाई म्हणाली, "राहते तो. तू हारली तर एक पुरा दिवस कोनाची नक्कल करायची नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं." पोरीनं हसत हसत मान्य केलं.

आठवडा सरत आला तेव्हा सोजरबाई डबा घेऊन गेली, तर भार्गव फाटकाशी उभा. पायात चपला. वॉचमन पलीकडं फोनवर. रस्ता मोकळा. सोजरबाई ऑटोतच बसून राहिली. हाक मारली नाही, खाली उतरली नाही, डबा मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरला. घामानं भिजलेला तिचा भाचा रस्त्याकडं पाहत राहिला, पाहत राहिला, आणि मग पाठ फिरवून आत गेला.

तिनं मागाहून डबा दिला तेव्हा एवढंच विचारलं, "कुठं चालला होता?"

"कुठी नाही. डबा काऊन नाही आला, पाहून राह्यलो होतो."

डॉक्टरांनीच घरी सोडेपर्यंत तो तिथं राहिला. दर आठवड्याला यायचं, असं बजावून सोडलं. त्याला आणायला सोजरबाई गेली आणि सोबत स्वरालाही ओढून नेलं. ऑटोत बसल्यावर भार्गव म्हणाला, "स्वरे, लय दिवस झाले. आपल्या बाबाची नक्कल कर नं."

"आज बंद आहे."

"काऊन?"

"पैज हारली."

"कायची?"

स्वरानं आत्याकडं पाहिलं. आत्या बाहेर पाहत होती, जशी काही ह्या ऑटोत नव्हतीच. मग पोरीनं सगळं सांगितलं. कोण भार्गवच्या बाजूनं होतं, तेही सांगितलं आणि कोण नव्हतं, तेही.

मावल्याच्या वळणावर भार्गवनं तिच्याकडं तोंड केलं. मग म्हणाला, "हारली ते बरंच झालं."

उत्तर द्यायला स्वराच्या जिभेवर बाबांचा सरकारी आवाज तयार होता, बयनाबाईचाही होता. दोन्ही गिळून स्वतःच्या आवाजात, तोही जरा फाटलेलाच, ती म्हणाली, "हो नं."